चाळिशीनंतरचे अपेंडिक्स

अपेंडिक्सला सूज येणे हा मुख्यतः तरुणांचा आजार. 10 ते 30 या वयात त्याचे रुग्ण सर्वांत जास्त आढळतात. म्हणून साठीतल्या माणसाच्या पोटात उजवीकडे खाली कळ उठली, ताप आला आणि सोनोग्राफीत सुजलेले अपेंडिक्स दिसले, तर ऑपरेशनच्या धावपळीतही विचारायला हवे: याच वयात हे का झाले?

अपेंडिक्स म्हणजे एका टोकाला बंद असलेली, बोटाएवढी नळी. तिचे तोंड मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, सीकममध्ये उघडते. ते बुजले की आतला स्राव साठतो, दाब वाढतो, जंतू फोफावतात आणि नळी फुटूही शकते. तोंड बुजवणारी गोष्ट अनेकदा मळाचा कडक खडा असते. उतारवयात मात्र तिथे सीकमच्या कॅन्सरची गाठ असू शकते. असे क्वचितच घडते, पण घडते.

मग ही गाठ आधी लक्षात का येत नाही? सीकम हा मोठ्या आतड्याचा सर्वांत रुंद भाग आणि तिथला मळ पातळ असतो. गाठ वाढली तरी पोट साफ होत राहते. रक्त झिरपते, पण इतके थोडे की शौचाला दिसत नाही. हिमोग्लोबिन हळूहळू उतरते, जिना चढताना धाप लागते, ‘वय झालं’ म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू होतात. पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत लोह कमी आढळले, तर रक्त कुठून जाते आहे हे शोधलेच पाहिजे. नुसत्या गोळ्यांवर भागवणे मला धोक्याचे वाटते.

काढलेले अपेंडिक्स फॉर्मॅलिनच्या बरणीतून पॅथॉलॉजीकडे जाते. त्याचा रिपोर्ट येईपर्यंत रुग्ण बहुधा घरी गेलेला असतो आणि तो आणायचा राहून जातो. तो जरूर आणा, डॉक्टरांना दाखवा. पण रिपोर्ट ठीक आला म्हणजे काळजी मिटली असेही नाही, कारण सीकममधली गाठ बरणीतल्या तुकड्यात नसतेच.

अपेंडिक्सभोवती पू साठलेल्या रुग्णांवर फिनलंडमध्ये एक चाचणी झाली. त्यातल्या 60 पैकी 12 जणांत गाठी निघाल्या आणि ते सगळे चाळिशीपुढचे होते. यांतल्या बहुतेक गाठी अपेंडिक्सच्याच होत्या, तरी गाठींचे प्रमाण इतके जास्त होते की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. गुंतागुंतीच्या अपेंडिसायटिसवर (फुटलेल्या किंवा भोवती पू झालेल्या अपेंडिक्सच्या सुजेवर) ऑपरेशन न करता उपचार झालेल्या चाळिशीपुढच्या रुग्णांची कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी) आणि सीटी स्कॅन करावा, असे 2020 मधल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. सुजलेल्या आतड्याला इजा होऊ नये म्हणून कोलोनोस्कोपी काही आठवडे थांबून करतात.

सीकममध्ये कॅन्सर निघालाच, तर नुसते अपेंडिक्स काढून भागत नाही. मोठ्या आतड्याचा उजवा भाग आसपासच्या लसिका ग्रंथींसह (कॅन्सर पसरताना बहुधा आधी जिथे पोहोचतो त्या छोट्या गाठींसह) काढावा लागतो. त्यातल्या किमान 12 ग्रंथी तपासल्या जाव्यात असा दंडक आहे. त्यांत कॅन्सर पोहोचला आहे का, यावर पुढे केमोथेरपी द्यायची की नाही हे बरेचसे ठरते.