सर्व्हर युरोपात, पण ताबा कोणाचा?

‘माहिती फ्रँकफर्टच्या डेटा सेंटरमध्ये आहे, म्हणजे अमेरिकी कायद्याच्या आवाक्याबाहेर,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. असं वाटणं स्वाभाविक आहे. वस्तू जिथे, तिथला कायदा, हा आपला रोजचा अनुभव. पण अमेरिकेचा २०१८ चा क्लाउड कायदा सर्व्हरची जागा नव्हे, माहितीवर ताबा कोणाचा हे पाहतो. सेवा देणारी कंपनी अमेरिकी कायद्याच्या कक्षेत असेल, तर वैध आदेशावर परदेशातली माहितीही तिला द्यावी लागू शकते. युरोपचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मात्र अशा देण्यावर बंधनं घालतो. कंपनी कात्रीत सापडते.

म्हणून अशी सेवा घेताना करारात मूळ कंपनी कुठली, ते पाहा. त्याहून महत्त्वाचं, कूटबद्ध, म्हणजे सांकेतिक रूपात ठेवलेली, माहिती उलगडण्याची किल्ली कोणाकडे आहे, ते विचारा. फक्त ग्राहकाकडे असेल, तर कंपनी न वाचता येणारा मजकूरच देऊ शकते.