जुन्या छोट्या ट्रॅक्टरची फेरजुळणी

जुन्या, साधारण २५ अश्वशक्तीच्या आतल्या ट्रॅक्टरला दुसऱ्या मॉडेलचे भाग बसवून तो आपल्या रानाच्या मापाचा करून घेण्याचे काम. हे भाग दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरचे असतात, पॉवर टिलरचे असतात, प्रसंगी जीपचे किंवा पाणी उपसणाऱ्या ऑइल इंजिनाचेही असतात. साध्या दुरुस्तीत मोडलेल्या जागी तसाच भाग येतो. फेरजुळणीत यंत्राची मूळ मापेच बदलतात : चाकांतले अंतर, वेग, उचल, कधी इंजिनसुद्धा. कोल्हापूर जिल्ह्यात या कामाला दोन गोष्टी पोषक ठरल्या, उसाची सरी आणि उद्यमनगर या कोल्हापुरातल्या यंत्रशाळांच्या भागातला लेथ.

अमेरिकेत ज्याला बागेचा ट्रॅक्टर म्हणतात, तो बंगल्याभोवतीचे गवत कापायला आणि बर्फ ढकलायला जन्माला आला. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ साली कब कॅडेट बाजारात आणला, तेव्हा त्याच्या गिअरबॉक्सची जडण फार्मऑल कब या थोरल्या शेती-ट्रॅक्टरवरून उचलली होती. एका मॉडेलचे अवयव दुसऱ्याला लावण्याचा मान पहिल्यांदा कंपन्यांनीच घेतला, असे म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे गवताचा प्रश्न नव्हता. इथला छोटा ट्रॅक्टर म्हणजे मित्सुबिशी शक्ती, महिंद्रा युवराज, कॅप्टन अशी यंत्रे. काम उसात, द्राक्षबागेत, भाजीपाल्यात. म्हणून त्यातले बदलही वेगळ्या गरजेतून आले.

सरीचे माप : उसाला बाळभरणी, म्हणजे बुडाला पहिली हलकी माती लावणे, आणि नंतर मोठी भरणी करायची, तर यंत्र उभ्या पिकाच्या दोन ओळींमधून जायला हवे. इथे अश्वशक्तीपेक्षा रुंदी महत्त्वाची, आणि गिऱ्हाईक नेमके इथेच चुकते. आधी इंजिनाबद्दल विचारते. साडेचार फुटी सरी म्हणजे १३७ सेंमी. दोन्ही बाजूंना ऊस मोडू नये म्हणून १५-१५ सेंमी सोडले, तर ट्रॅक्टरची बाहेरून-बाहेरची रुंदी १०७ सेंमीच्या आत हवी. मागचा टायर ८ इंची, म्हणजे सुमारे २० सेंमी रुंद धरला, तर दोन टायरांच्या मध्यांतले अंतर ८७ सेंमी येते. सरी चार फुटी असेल, तर हेच अंतर ७२ सेंमीवर उतरते. जुन्या तीन फुटी सरीत हे गणित बसतच नाही. तिथे पॉवर टिलर किंवा बैल.

रुंदी कमी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे चाक उलटे बसवणे. रिमची तबकडी मध्यापासून जितकी बाजूला असेल, त्याच्या दुप्पट फरक एका चाकामागे पडतो. एवढ्यावर भागले तर देव पावला. नाही भागले, तर दुसऱ्या मॉडेलची कमी खोलगट रिम शोधतात. युवराज २१५ आणि मित्सुबिशी शक्ती एमटी १८० डी या दोघांनाही पुढे ५.२०-१४ आणि मागे ८.००-१८ मापाचे टायर येतात. त्यावरून रिमही अदलाबदल होईल, असे वाटते. पण टायर एका मापाचा असला, तरी बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, बोल्टांची संख्या आणि हबचे मधले भोक या तीन गोष्टी आधी मोजाव्या लागतात. भोक मोठे निघाले तर रिंग करून भरता येते. बोल्टांचे वर्तुळ चुकले तर नवीन तबकडी कापून जुन्या रिमला वेल्ड करायची आणि चाक लेथवर फिरवून त्याची डुगडुग काढायची.

सर्वांत धाडसी मार्ग आक्सलच कापण्याचा. मागच्या आक्सलची नळी दोन्हीकडून सारखी कापून आतला शाफ्ट आखूड करतात. हा शाफ्ट कापून मध्ये वेल्ड करणे म्हणजे अपघाताला निमंत्रण. कडक केलेल्या पोलादाची कणखरता वेल्डिंगच्या उष्णतेने जाते आणि तो नेमका वेल्डच्या कडेला तुटतो. शाफ्ट ईएन-२४ जातीच्या पोलादातून नव्याने काढून, खाचा पाडून, उष्णतोपचार करून घेतात. पुढचा आक्सलही तेवढाच अरुंद करावा लागतो, आणि मग टाय रॉड, म्हणजे पुढची दोन चाके जोडणारी दांडी, आखूड करून चाकांची आतली ओढ (टो-इन) पुन्हा जमवावी लागते. ती राहिली की पुढचे टायर एका हंगामात कडेने झिजतात.

अरुंद ट्रॅक्टर बांधावरून उतरताना कलतो, हे सांगायला मोठी विद्या लागत नाही. तरी रुंदी कमी करणारा माणूस त्याच वेळी मोठे टायर लावून उंचीही वाढवतो, कारण भरणीच्या वेळी ऊस गुडघ्याच्या वर आलेला असतो. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी करू नयेत. उंची हवीच असेल, तर चाकांत पाणी भरून किंवा रिमला बिडाची वजने लावून भार खाली आणतात.

टायरचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला, की त्याच गिअरमध्ये वेग दहा टक्क्यांनी वाढतो आणि जमिनीवरची ओढ तेवढ्याच प्रमाणात घटते. दोन चाकी ओढीच्या ट्रॅक्टरला हे सोसते. चार चाकी ओढीच्या ट्रॅक्टरला सोसत नाही. त्यात पुढच्या चाकांचा परिघी वेग मागच्यांपेक्षा किंचित जास्त ठेवलेला असतो. फक्त मागचे टायर मोठे केले, की पुढची आणि मागची चाके एकमेकांशी झगडू लागतात. मऊ रानात टायर घसरून ताण निघून जातो. डांबरी रस्त्यावर तो निघत नाही, आणि गिअरचे दात जातात.

इंजिन : कोल्हापूरच्या नदीकाठाला ऑइल इंजिनांची जुनी सवय आहे. पंचगंगा आणि तिच्या उपनद्यांचे पाणी मळ्यात चढवण्यासाठी आणि गुऱ्हाळाच्या चरकासाठी ही इंजिने लागली. त्यांची दुरुस्ती, मग सुटे भाग, मग अख्खी इंजिने अशा पायऱ्यांनी इथला यंत्रोद्योग वाढला. शिवाजी उद्यमनगरच्या जडणघडणीत वाय. पी. पोवार आणि म्हादबा मेस्त्री ही नावे आदराने घेतली जातात. पुढे हा उद्योग शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत पसरला. त्यामुळे छोट्या ट्रॅक्टरचे इंजिन निकामी झाले, की पंपाचे पडून असलेले इंजिन त्यात घालण्याची कल्पना इथे कुणाच्याही डोक्यात येते.

कल्पना सोपी, हिशेब अवघड. युवराज २१५चे एक सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २३०० फेऱ्यांना १५ अश्वशक्ती देते. त्याच ताकदीचे पंपाचे इंजिन १५०० फेऱ्यांवर चालणारे असते. मागचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे औजार फिरवणारा दांडा, इंजिनाच्या २३०० फेऱ्यांना ५४० फेरे देत असेल, तर १५०० फेऱ्यांना तो जेमतेम ३५२ फेरे देईल. रोटाव्हेटर फिरेल, पण ढेकूळ फुटणार नाही. दुसरी बाजू याहून वाईट आहे. तेवढीच अश्वशक्ती कमी फेऱ्यांना मिळते, तेव्हा पीळ (टॉर्क) वाढतो, इथे दीडपटीहून थोडा जास्त. गिअरबॉक्स त्यासाठी घडवलेला नाही. क्लच घसरला तर नशीब चांगले म्हणायचे; क्लच टिकला तर दात तुटतात. त्यातच एक सिलिंडरच्या जड इंजिनाचा हादरा छोट्या चॅसीचे बोल्ट रोज थोडे थोडे सैल करतो. म्हणून दुसऱ्या छोट्या ट्रॅक्टरचे किंवा तेवढ्याच फेऱ्यांच्या बहुसिलिंडरी इंजिनाचे जोडकाम टिकते, आणि पंपाचे इंजिन घातलेला ट्रॅक्टर बहुतेकदा पुन्हा पंपालाच जोडला जातो.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या तोंडांचे बोल्ट जुळत नाहीत, तेव्हा मध्ये पोलादी पाटी घालतात. तिचे मधले भोक आणि क्रँकचा अक्ष एका रेषेत आले नाहीत, तर क्लच प्लेटचा मधला हब काही महिन्यांत फुटतो. डायल गेज फ्लायव्हीलला लावून, हाताने फेरा देऊन ही चूक पाहतात. मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी चूकही दुर्लक्षू नये. पाटीच्या जाडीमुळे गिअरबॉक्सचा शाफ्ट तेवढाच मागे सरकतो आणि फ्लायव्हीलमधल्या टेकूच्या बेअरिंगपर्यंत पोहोचत नाही. हे विसरले जाते. मग इंजिन पुन्हा उतरवून लांब बुश घालावा लागतो. क्लच प्लेटचे काम मात्र कोल्हापुरी डोक्याला साजेसे आहे : तबकडी इंजिनाच्या मापाची, मधला खाचांचा हब गिअरबॉक्सच्या मापाचा, आणि दोन्ही रिवेटांनी एकत्र.

जीपचा मागचा आक्सल घेऊन शून्यापासून ट्रॅक्टर उभा करण्याचा नादही अनेकांना असतो. भरणीला वेग ताशी २ किमी हवा. चाकाचा परीघ अडीच मीटर धरला, तर चाकाने मिनिटाला तेरा-चौदा फेरे घ्यायचे. २३०० फेऱ्यांचे इंजिन इतके हळू आणायला सुमारे १७० पट घट लागते. रस्त्यावरच्या वाहनाच्या एका गिअरबॉक्सातून आणि डिफरन्शियलमधून ती मिळत नाही, म्हणून दोन गिअरबॉक्स एकामागे एक लावतात. त्यानंतर शेवटच्या शाफ्टवर येणारा पीळ जीपच्या आक्सलने कधी पाहिलेला नसतो.

आटे, बेअरिंग, बीड : भाग जुळवताना सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे आटे. वर्कशॉपमध्ये अजून सूत चालते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सुती बोल्ट ९.५ मिमीचा, त्याला इंचात सोळा आटे. १० मिमीच्या बोल्टाचे आटे दीड मिमी अंतराचे. तीन सुती बोल्ट १० मिमीच्या भोकात सैलसर जातो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि कामावर भोकातले आटे घेऊन बाहेर येतो. जुना ट्रॅक्टर इंचाचा आणि नवा भाग मिलिमीटरचा असेल, तर दोन्हींचे बोल्ट वेगळ्या डब्यांत ठेवलेले बरे. बेअरिंगचा मामला त्या मानाने सरळ, कारण आकड्याला जात-पात नसते. ६२०६ म्हटले की आत ३०, बाहेर ६२, जाडी १६ मिमी, कंपनी कुठलीही असो. म्हणून अनुभवी मेस्त्री दोन भाग जोडताना मधली जागा शक्यतो चालू नंबरच्या बेअरिंगला आणि ऑइल सीलला बसेल, अशीच काढतो.

फुटलेले बिडाचे हाऊसिंग जोडायचे, तर आधी तापवून, निकेलच्या कांडीने थोडे थोडे वेल्ड करून राखेत किंवा चुन्यात हळूहळू निववावे लागते. घाई केली की जोडाच्या शेजारी नवी चीर. पण कोल्हापुरात आणखी एक पर्याय असतो, जो बाकीच्या गावांत सहज नसतो : भाग नव्याने ओतून घेणे. जुना तुकडा पॅटर्नवाल्याकडे, म्हणजे ओतकामाचा नमुना करणाऱ्याकडे, नेतात. ओतलेले बीड निवताना फुटाला साधारण एक सूत आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा आणि जिथे लेथ लागणार, तिथे आणखी माल ठेवायचा. जुन्या भागाचाच साचा केला तर नवा भाग आकसून लहान येतो, हा धडा बहुतेकांनी एकेक तुकडा भंगारात टाकून घेतला आहे. एका नगासाठी पॅटर्नचा खर्च परवडत नाही. पण शेजारच्या गावातले दोघे-तिघे त्याच मॉडेलचे निघाले तर परवडतो.

दाता ट्रॅक्टर, म्हणजे ज्याचे भाग काढून घ्यायचे तो, मिळतो भंगारात, किंवा पुरानंतर. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोळ, करवीर, हातकणंगले भागांत यंत्रे पाण्याखाली गेली. बुडालेल्या ट्रॅक्टरचे तेल दुधाळ दिसले, की आत पाणी आहे असे समजावे. तो चालू करून पाहण्याच्या मोहाने पिस्टन, कनेक्टिंग रॉड दोन्ही जातात. तेल लगेच काढून डिझेलने धुतले, तर गिअरबॉक्स वाचतो. महिनाभर तसाच ठेवला, तर बेअरिंगला गंजाचे ठिपके पडतात आणि तो भाग वजनावर विकण्याच्या लायकीचा उरतो.

हायड्रॉलिक पंप बदलताना फिरण्याची दिशा पाहावी. उलट फिरवलेला गिअर पंप आपल्याच सीलवर दाब टाकतो आणि ते बाहेर फेकतो. औजारे जोडण्याच्या खालच्या दांड्यांची पिन लहान प्रकारात १६ मिमीची, त्याच्या वरच्या प्रकारात २२ मिमीची असते. बुश घालून मोठ्या भोकात लहान पिन चालवतात, आणि इथपर्यंत ठीक आहे. मात्र ट्रॉलीची ओढ कधीही वरच्या दांड्याला लावू नये. ओढीचा बिंदू मागच्या आक्सलच्या वर गेला, की पुढची चाके उचलून ट्रॅक्टर चालकावर उलटतो. जुना डायनॅमो काढून कारचा अल्टरनेटर बसवणे हे त्यातले सुखाचे काम. काही जुन्या ट्रॅक्टरांत बॅटरीची धन बाजू चॅसीला असते, एवढे बघून तारा लावाव्यात. नाहीतर अल्टरनेटरचे डायोड पहिल्याच मिनिटाला जळतात.

कायदा : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत असलेला वाहनाचा तपशील मूळ निर्मात्याने ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल, असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. इंजिन बदलायचे, तर आरटीओची परवानगी आणि पुस्तकात नव्या इंजिन क्रमांकाची नोंद लागते. कोल्हापूरची ‘एमएच ०९’ची पाटी लावून असा ट्रॅक्टर रस्त्यावर आला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी सर्वांत आधी चॅसी आणि इंजिनाचे क्रमांक ताडून पाहते. बांधाच्या आत कोणी विचारत नाही, म्हणून बांधाच्या आत चालते, असा लोकांचा समज आहे. पण रानात जायला रस्ता लागतोच.

विक्रीतही अशा ट्रॅक्टरला अडचण येते. घेणाऱ्याला पुढे कुठला क्लच, कुठले ऑइल सील मागायचे, ते कळत नाही आणि दुकानदार मॉडेलचे नाव विचारतो. जाणता मेस्त्री म्हणून बॉनेटच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहून ठेवतो : कुठला भाग कोणत्या मॉडेलचा, बेअरिंगचे नंबर, सीलची मापे, आणि कोणत्या जागी बोल्ट सुताचे आहेत.