एसपीडी की एसपीडी-एसएल? बेळगावकडच्या रस्त्यांसाठी कोणतं पेडल घ्यावं

सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या या दोन पेडलांची नावं इतकी सारखी की पेडल एका जातीचं आणि बूट दुसऱ्या जातीचे, अशी खरेदी सहज होते. दोन्हींत काम एकच: बुटाच्या तळाला स्क्रूने बसवलेला छोटा तुकडा, म्हणजे क्लीट, पेडलमध्ये खट्‌कन बसते, टाच बाहेर वळवली की सुटते. पण एकाची क्लीट दुसऱ्यात बसत नाही. म्हणून आधी बूट उलटा करून भोकं बघा. एसपीडीच्या क्लीटला दोन स्क्रू लागतात, एसपीडी-एसएलच्या (पुढे नुसतं एसएल) क्लीटला त्रिकोणात तीन.

एसएल हे शर्यतीच्या घराण्यातलं. लूक कंपनीने स्कीला बूट अडकवणाऱ्या बाइंडिंगवरून असं पेडल 1984 मध्ये आणलं आणि पुढच्याच वर्षी फ्रेंच सायकलपटू बर्नार्ड इनोने त्यावर टूर द फ्रान्स जिंकली. एसएलची घडण त्याच धर्तीची आहे: मोठी प्लास्टिकची क्लीट, रुंद पेडल, त्यामुळे दाब तळपायभर पसरतो. एसपीडी 1990 मध्ये आलं ते माउंटन बाइकसाठी. त्याची क्लीट छोटी, पोलादी, सोलच्या खाचेत दडलेली.

छोट्या क्लीटने पाय दुखतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तसं होतंही, पण बहुतेकदा दोष मऊ सोलचा असतो. दोन स्क्रूंचाच, पण कडक सोलचा बूट घेतला की चवड्याखालची आग बरीचशी थांबते.

आपल्याकडे खरा प्रश्न सायकलवरून उतरल्यावर येतो. येळ्ळूरवरून राजहंसगडावर गेलात की गडात पायी फिरायचं असतं. जांबोटीला चहाला थांबायचं, कणकुंबीला देवळापर्यंत चालायचं. एसएलची क्लीट तळाबाहेर आलेली, त्यामुळे फरशीवर बदकासारखं चालावं लागतं, आणि चालून चालून ती झिजते. पावसात चोर्ल्याच्या वाटेवर तांबड्या चिखलात एकदा पाय टेकला की ती पेडलमध्ये बसायला कुरकुर करते. निपाणीकडची काळी माती तर त्याहून चिकट. एसपीडी चिखलाचा विचार करूनच बनवलंय आणि बरीचशी मॉडेलं दोन्ही बाजूंनी अडकतात. चन्नम्मा चौकात सिग्नल सुटल्यावर पेडल पालथं करत बसायला नको.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आरामात फिरायचं असेल तर कडक सोलचा बूट आणि एसपीडी. न उतरता तासन्‌तास वेगात चालवणाऱ्यांनी एसएल जरूर घ्यावं, पण पिवळी क्लीट निवडावी. तिच्यात पायाला 6 अंश हलायला मिळतं. निळीत 2 मिळतात, लाल तर पाय जखडूनच टाकते आणि गुडघा कुरबुरायला लागतो. एसपीडीत नवख्यांसाठी एसएच 56 नावाची क्लीट बरी, कारण ती एकाहून जास्त दिशांनी सुटते.

पेडल कुठलंही असो, क्लीट चुकीच्या जागी बसली तर आराम मिळणार नाही. बूट घालून अंगठ्यामागचं आणि करंगळीमागचं हाड चाचपा, बाहेरून खुणा करा. क्लीटचा मध्य त्या दोन खुणांच्या दरम्यान, किंचित मागेच ठेवा. टेबलावर बसून पाय लोंबते सोडा; चवडा जसा सहज वळतो तसाच क्लीटचा कोन द्या. पेडलमधल्या स्प्रिंगचा स्क्रू सुरुवातीला अगदी सैल ठेवा, गवतावर सराव करा. पेडल बसवताना आट्यांना ग्रीस लावा, आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात असू द्या, नाहीतर जोर लावून क्रँकचे, म्हणजे पेडल ज्या दांड्यात बसतं त्याचे, आटे जातील.