वंशशोधातील टाउन-दप्तरे (न्यू इंग्लंड)

अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड प्रदेशात स्थानिक कारभार टाउनच्या हाती असतो. एका टाउनच्या हद्दीत मुख्य वस्ती, शेते, आडवळणाच्या वाड्या असे सगळेच येते. टाउन क्लार्कने पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या वह्या घराण्याची तुटलेली साखळी जुळवताना फार उपयोगी पडतात.

न्यू इंग्लंडमधल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात जन्म, विवाह आणि मृत्यू नोंदवण्याचा कायदा १६३९ मध्ये झाला. राज्यपातळीवर नोंदणी सुरू झाली १८४१ मध्ये. मधल्या दोन शतकांची भिस्त टाउनच्या वह्यांवरच आहे. १७९० ते १८४० च्या जनगणनांत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचे. बाकीची माणसे नुसत्या आकड्यांत. घरातल्या प्रत्येकाचे नाव १८५० पासून येते.

जन्मनोंद सापडली नाही की बरेच जण शोध थांबवतात. खरे तर तिथूनच दप्तराचा उरलेला भाग वाचायला घ्यावा. करयादीत मुलाचे नाव प्रथम दिसते ते तो कर भरण्याच्या वयात आल्यावर. त्यावरून जन्मसालाचा अदमास बांधता येतो. पुढे बापाच्या जागी विधवेचे किंवा ‘वारस’ असे नाव आले, तर मृत्यू कोणत्या दोन याद्यांच्या मधे झाला ते कळते. गुरांच्या कानाला पाडलेल्या खुणाही क्लार्क नोंदवून घेई, आणि बापाची खूण मुलाकडे गेली की कधी कधी तसे लिहूनही ठेवी. नाते सिद्ध करायला अशी एक ओळ पुरते.

सर्वांत मोलाची नोंद गरिबांची आहे. ज्यांच्या नावावर जमीन नाही, ज्यांनी मृत्युपत्र केले नाही, त्यांचा इतर कागदांत मागमूस नसतो. पण निराधारांना पोसण्याची जबाबदारी टाउनवर होती. म्हणून नव्याने आलेल्या कुटुंबाला ‘निघून जा’ अशी नोटीस दिली जाई, आणि तीत अनेकदा बायकामुलांची नावे व आधीचे गावही लिहिलेले असे. नोटीस मिळूनही पुष्कळ कुटुंबे तिथेच राहिली. दारिद्र्यनिवारणाच्या हिशेबात एखाद्याच्या शवपेटीचा खर्च लिहिलेला असतो. मृत्यूची दुसरी नोंद नसेल तर तीच तारीख धरून चालावे लागते.

वाचताना सावधगिरी हवी. १७५२ पूर्वी नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखांत एका वर्षाचा घोळ होतो. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ हे बाप-लेकच असतील असे नाही. एकाच टाउनमधल्या एका नावाच्या दोन असंबंधित माणसांनाही तसे म्हणत. थोरला वारला की धाकटा ‘सीनियर’ होई.

मॅसॅच्युसेट्समधील अनेक टाउनच्या १८५० पर्यंतच्या जन्म-विवाह-मृत्यू नोंदी छापून निघाल्या आहेत, मात्र वर्णानुक्रमे. मूळ पानावर एका आईबापांची मुले एकाखाली एक लिहिलेली असतात. छापील खंडात ती मांडणी मोडते. त्यामुळे हस्तलिखित वही किंवा तिची छायाप्रत पाहणे आवश्यक ठरते. मोठ्या टाउनमधून नवी टाउन फुटून निघत, तेव्हा जुन्या नोंदी सहसा मूळ टाउनकडेच राहत. जमिनीची खरेदीखते मॅसॅच्युसेट्समध्ये काउंटीकडे (अनेक टाउन मिळून होणाऱ्या जिल्ह्याकडे), तर कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड आणि व्हरमाँटमध्ये टाउनकडेच असतात.