गाणं तीनच मिनिटांचं हवं? असा काही नियम नाहीये
आमच्याकडे जळगावात अहिराणी गाण्याला चाल लावायला बसलो की कोणीतरी म्हणतंच, भाऊ तीन मिनिटात उरक, संगीताचा नियमच आहे तो. कसला नियम! १९०२ ला कलकत्त्यात गायिका गौहर जाननी रेकॉर्डिंग केलं त्या काळापासून ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, म्हणून तासभराचा ख्याल पण कापून बसवला लोकांनी आणि कानाला तीच सवय लागली. १९४८ ला एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आली, एका बाजूला वीसेक मिनिटं, तरी सवय गेली नाही. (आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाला रात्री बाया गातात तेव्हा कोण घड्याळ बघतं?) मी तर आधी चाल गुणगुणतो, कडवी संपली की थांबतो. परवाचं सात मिनिटांचं झालं, तसंच ठेवलं.