प्राध्यापक रिझर्व्ह बँकेत कसे पोचले

अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या मुलांना पतधोरणाच्या दिवशी टीव्हीवर गव्हर्नर दिसतात. त्यांच्यामागे आकडे तयार करणारं खातं दिसत नाही. विद्यापीठ आणि मिंट रोड, म्हणजे मुंबईतलं रिझर्व्ह बँकेचं मुख्यालय, यांच्यातली ये-जा जवळजवळ शंभर वर्षं जुनी आहे, पण ती कधीच राजरस्ता नव्हती. प्राध्यापक आत गेले ते बहुतेक समितीच्या दारानं.

सुरुवात चलनापासून झाली. 1920 च्या दशकात वाद पेटला होता तो रुपयाच्या दरावर : एक रुपया म्हणजे 16 पेन्स की 18? हा वाद मुंबईच्या पेढ्यांपुरता नव्हता, तो थेट कापूस पिकवणाऱ्या खान्देशाला भिडणारा होता. परदेशात 10 पौंडांना विकलेल्या मालाचे 16 पेन्सच्या दरानं 150 रुपये हातात येत. 18 पेन्सच्या दरानं त्याच मालाचे 133 रुपये 5 आणे 4 पै. भाव तोच, ग्राहक तोच, पण जवळजवळ 17 रुपये वाटेतच गळले. शेतसारा आणि सावकाराचं व्याज मात्र रुपयातच ठरलेलं. कापसाचे बडे व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगावर असताना 18 पेन्सच्या विरोधात भिन्नमतपत्रिका जोडली ती उगाच नाही. तरीही 1927 च्या कायद्यानं 18 पेन्सच पक्के केले.

याच आयोगापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साक्ष दिली. त्याआधी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवत होते आणि लंडनच्या डी.एस्सी.साठी त्यांनी रुपयाचाच प्रश्न निवडला होता. रिझर्व्ह बँकेचा आराखडाच त्यांनी आखून दिला असं हल्ली बिनदिक्कत लिहिलं जातं, ते जरा ताणलेलं आहे. त्यांचा भर चलनाचा पाया कोणता असावा आणि नाणी पाडण्यावर सरकारचा हात किती मोकळा असावा यावर होता. मध्यवर्ती बँकेची शिफारस आयोगानं 1926 च्या अहवालात केली, कायदा 1934 मध्ये झाला आणि बँक 1 एप्रिल 1935 ला उघडली. पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख 1943 मध्ये आले. तेही सनदी अधिकारी, प्राध्यापक नव्हेत. ही प्रथा पुढे बराच काळ टिकली.

दुसरी लाट खेड्यातल्या कर्जाची, आणि आपल्या भागाशी सर्वांत घट्ट नातं असलेली. कायद्याच्या 54 व्या कलमानुसार बँकेला शेतीकर्जाचं वेगळं खातं ठेवणं भाग होतं. जगातल्या बहुतेक मध्यवर्ती बँकांच्या वाट्याला असलं काम येत नाही. 1945 मध्ये संशोधन आणि सांख्यिकी विभाग उभा राहिला, 1947 पासून मासिक बुलेटिन निघू लागलं. मग 1951-52 मध्ये बँकेनं 75 जिल्ह्यांतली 600 गावं निवडून सव्वा लाखावर कुटुंबांकडे कर्जाची चौकशी केली. ही चौकशी चालवणाऱ्या गोरवाला समितीच्या सदस्यांमध्ये पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ होते. 1954 मध्ये हाती आलेले आकडे डोळे उघडणारे होते : शेतकऱ्याच्या एकूण उसनवारीत सहकारी सोसायट्यांचा वाटा 3.1 टक्के, व्यापारी बँकांचा 0.9 टक्के. धंदेवाईक आणि शेतकरी सावकार मिळून मात्र सत्तर टक्क्यांच्या घरात.

समितीचं निदान आजही वाचण्यासारखं आहे. नुसतं कर्ज देऊन सोसायटी जगत नाही, कारण वसुली पीक विकण्याच्या जागी होते. कापूस व्यापाऱ्याच्या जिनिंगमध्ये गेला की पहिला हात व्यापाऱ्याचा, सोसायटीचा हप्ता मागे. म्हणून कर्ज, खरेदी-विक्री आणि प्रक्रिया एका साखळीत बांधा आणि सरकारला भागीदार करा, असं समितीनं सांगितलं. चोपड्याची सूतगिरणी असो की गावोगावची विकासो (विविध कार्यकारी सहकारी सोसायटी), या विचाराची छाप दोन्हींवर दिसते. सरकारी भागीदारीबरोबर पुढाऱ्यांची पकडही आली, हा त्यातलाच भाग. 1969 मध्ये गाडगीळांच्याच अभ्यासगटानं प्रदेशवार पतपुरवठ्याची कल्पना मांडली, तिच्यातून एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेकडे देणारी अग्रणी बँक योजना निघाली. केळीला हेक्टरी किती पीककर्ज द्यायचं हे ठरवणारी जिल्हास्तरीय तांत्रिक समितीही याच व्यवस्थेत बसते.

जुलै 1982 मध्ये शेती आणि ग्रामीण विकासासाठीची वेगळी बँक, नाबार्ड, झाली आणि शेतीकर्जाचं बरंच काम तिकडे गेलं. केळी, कापूस आणि विकासो ओळखणाऱ्या अर्थतज्ज्ञाची जागाही त्याबरोबर मिंट रोडवरून हलली. खान्देशातल्या मुलांना हे कुणी सांगत नाही.

मिंट रोडवर उरलं ते चलनवाढ आवरण्याचं काम. दिल्लीचे प्राध्यापक सुखमय चक्रवर्ती यांच्या समितीनं 1985 मध्ये पैशाच्या पुरवठ्याला लक्ष्य घालून द्यायला सांगितलं. त्याची अंमलबजावणी करताना खरी अडचण आली ती सरकारच्या तुटीची. सरकार हवे तेव्हा तदर्थ (ॲड-हॉक) रोखे देऊन बँकेकडून पैसा उचलायचं, मग लक्ष्य पाळायचं कुणी? सी. रंगराजन अहमदाबादच्या आयआयएममध्ये शिकवत होते, 1982 मध्ये डेप्युटी गव्हर्नर म्हणून आले, 1992 मध्ये गव्हर्नर झाले. त्यांच्याच काळात सरकारशी करार होऊन 1997 मध्ये ही सोय बंद पडली. प्राध्यापकानं आत राहून काय साधावं याचं याहून चांगलं उदाहरण मला दिसत नाही. आय. जी. पटेलांची वाट थोडी वेगळी : बडोद्याला अध्यापन, मग नाणेनिधी आणि अर्थखातं, 1977 ते 1982 गव्हर्नर, नंतर आयआयएम आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचं संचालकपद. रघुराम राजन 2013 मध्ये शिकागोहून आले आणि तीन वर्षांनी तिकडेच परतले.

2016 पासून समितीचं दार कायद्यानंच उघडं झालं. व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीत सहाजण, त्यातले तिघे बाहेरचे. मुदत चार वर्षं, फेरनेमणूक नाही. मतं समान पडली तर गव्हर्नरांचं मत निर्णायक. चलनवाढीचं लक्ष्य 4 टक्के, दोन्ही बाजूंना 2 ची सूट. सलग तीन तिमाही सूट ओलांडली की बँकेला सरकारकडे कारणं लिहून द्यावी लागतात. 2022 मध्ये तसं झालंही. प्रत्येक सदस्याचं मत इतिवृत्तात नावानिशी छापलं जातं, म्हणजे वर्गातला सिद्धांत चुकला तर तो सही-शिक्क्यानिशी चुकतो. शिवाय निर्णयाच्या आधी आणि नंतर सात-सात दिवस मौन. वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या प्राध्यापकाला हे जड जातं.

खालच्या पायरीवरून जायचं तर रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक आणि धोरण संशोधन विभागाची ग्रेड बी परीक्षा आहे. अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते, खुल्या गटाला किमान 55 टक्के. आपल्याकडची मुलं अडकतात दोन ठिकाणी. गाइडमधल्या व्याख्या पाठ असतात, पण विकलन, मॅट्रिक्स आणि अर्थमिती (इकॉनॉमेट्रिक्स) हाताखालून गेलेली नसते. पेपर विचारतो गणित सोडवायला. दुसरी अडचण इंग्रजीच्या दीर्घोत्तरी पेपरची, तोही संगणकावर टाइप करायचा. जळगावला एम.ए. करतानाच एखाद्या बाजार समितीची पाच-सात वर्षांची मासिक आवक आणि भाव घेऊन प्रतिगमन (रिग्रेशन) करून पाहिलं, तर अर्थमितीची भीती निम्मी होते. कापसाला हंगाम असतो, तो वेगळा न काढता आवक आणि भाव जोडले की खोटा संबंध दिसतो. पहिली चूक बहुधा हीच होते.

कॉलेजातल्या पूर्णवेळ प्राध्यापकांसाठी बँकेची तीन महिन्यांची अभ्यासवृत्ती आहे. जागा मोजक्या, पण अर्जासोबतचा संशोधन-प्रस्ताव रिझर्व्ह बँकेच्या कामाशी जुळणारा हवा हे पाहावं. विकासोंची थकबाकी हा विषय आजही तिथे बसतो.