ग्रँड कॅन्यनवरचे विशेष उड्डाण नियम: 'दिवस' कसा मोजायचा, याचा पंचवीस वर्षांचा वाद

ग्रँड कॅन्यनच्या आकाशाचा विषय निघाला की १९५६ सालची टक्कर हमखास सांगितली जाते. ३० जूनला दोन प्रवासी विमानं २१,००० फुटांवर एकमेकांवर आदळली आणि १२८ जण गेले. अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियंत्रणाची आजची घडी त्यातून बसली, हे खरंच. पण खासगी वैमानिकाला आज इथे पाळावे लागणारे विशेष नियम त्या अपघातातून आलेले नाहीत. ते १८,००० फुटांच्या खालच्या आकाशाचे आहेत, आणि त्यांचं मूळ तीस वर्षांनंतरच्या दुसऱ्या टकरीत आहे. याच नियमांच्या ओघात, दरीतली शांतता मोजताना 'दिवस' कसा धरायचा, हा वादही उभा राहिला.

दरी दाखवणारी पर्यटन विमानं इथे १९२० च्या दशकापासून आहेत. बराच काळ कुणाला त्याचं काही वाटलं नाही. १९८० च्या दशकापर्यंत मात्र गर्दी इतकी झाली होती की एकाच देखाव्याभोवती छोटी विमानं आणि हेलिकॉप्टरं एकाच वेळी घिरट्या घालत. राष्ट्रीय उद्यानांवरून जाताना २,००० फुटांचं अंतर राखावं, अशी सूचना होती, बंधन नव्हतं. १८ जून १९८६ ला एक ट्विन ऑटर विमान आणि एक बेल हेलिकॉप्टर दरीवर धडकले. दोन्हींमधले मिळून २५ जण ठार झाले. दोघांनीही दुसऱ्याला बघून वाट काढायची, एवढीच तिथली व्यवस्था होती.

मार्च १९८७ मध्ये तातडीचा विशेष नियम आला, जूनमध्ये तो सुधारला गेला, ऑगस्टमध्ये कायदा झाला आणि १९८८ मध्ये पक्की चौकट बसली. समुद्रसपाटीपासून १४,५०० फुटांपर्यंतचं आकाश विशेष क्षेत्र ठरलं. चार भागांत उड्डाणाला बंदी आली. ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाचा जवळपास ४५ टक्के भाग त्यांत आला. मधून जाण्यासाठी खासगी विमानांना टकअप, फॉसिल, ड्रॅगन आणि झुनी पॉइंट असे कॉरिडॉर मिळाले. उत्तरेकडे जाताना ११,५०० किंवा १३,५०० फूट, दक्षिणेकडे येताना १०,५०० किंवा १२,५००. समोरासमोर येणारी विमानं एका उंचीवर नसतील, याची ती साधी सोय होती आणि ती चांगली चालली. पुढे १९९६ च्या नियमाने क्षेत्राचं छत १८,००० फुटांपर्यंत नेलं आणि पूर्वेकडच्या टूर फेऱ्यांना वेळेची मर्यादा घातली: उन्हाळ्यात सकाळी ८ ते संध्याकाळी ६, हिवाळ्यात ९ ते ५.

इथवर सगळं सुरक्षिततेचं. पण १९८७ च्या कायद्यात दुसरीही एक अट होती. उद्यानातली नैसर्गिक शांतता 'बऱ्याच अंशी पूर्ववत' झाली पाहिजे. बऱ्याच अंशी म्हणजे किती, हे कायद्याने सांगितलं नाही, आणि पुढची पंचवीस वर्षं खरा खल झाला तो यावर.

१९९४ मध्ये उद्यान प्रशासनाने व्याख्या दिली: निम्म्या किंवा त्याहून जास्त उद्यानात, दिवसाच्या ७५ ते १०० टक्के वेळ एकही विमान ऐकू येता कामा नये. ऐकायला हे सोपं वाटतं. पण दरीच्या काही कोपऱ्यांत मूळ आवाजच २० डेसिबलच्या खाली असतो. तिथे मैलोगणती दूरचं हेलिकॉप्टरही कानावर येतं. शिवाय नियम आले तरी टूरच्या फेऱ्या वाढतच गेल्या. शेवटी २००० साली त्यांना वर्षाला सुमारे ९०,००० ची मर्यादा घालण्यात आली. ही मर्यादाही आधीच्याच एका वर्षातल्या फेऱ्या मोजून ठरवलेली, म्हणजे आवाज कमी करण्याऐवजी होता तिथे गोठवणारी.

मग हिशेब कसा करायचा? विमान नियामकाने 'दिवस' म्हणजे वर्षाचा सरासरी दिवस धरला. जानेवारीतल्या सुन्या दिवसांनी जुलैच्या गजबजाटाची भरपाई करायची, असा तो मामला. जुलैत दरीत उतरलेल्या माणसाला या सरासरीचा काय उपयोग? पर्यावरणवादी न्यायालयात गेले. टूर कंपन्याही गेल्या. त्यांना मर्यादाच नको होती. २००२ मध्ये न्यायालयाने कंपन्यांचं म्हणणं फेटाळलं आणि नियामकाला सरासरीवरून सुनावलं. व्याख्येतला 'दिवस' म्हणजे कुठलाही एक दिवस, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. टूरखेरीज इतर विमानांचा आवाजही हिशेबातून वगळता येणार नाही, हेही त्याने बजावलं.

या दुसऱ्या मुद्द्याने सगळ्यांचीच अडचण केली. वरून जाणारी मोठी जेट विमानं जवळपास सगळीकडे ऐकू येतात. ती धरली तर दरी कधीच शांत ठरणार नाही. २००८ मध्ये उद्यान प्रशासनाने १८,००० फुटांवरची विमानं हिशेबाबाहेर ठेवली, मात्र बाकीच्यांसाठी 'प्रत्येक दिवस' हा निकष कायम राखला. ही तडजोड रास्त होती. २०११ च्या मसुद्यात त्यापुढची पावलंही होती: रोजच्या फेऱ्यांवर मर्यादा, सूर्योदय-सूर्यास्ताच्या सुमाराला उड्डाणं बंद, आणि ठरावीक वर्षांत सगळ्या टूर विमानांना कमी आवाजाचं तंत्र.

तो मसुदा अमलात आलाच नाही. २०१२ मध्ये रस्ते आणि वाहतुकीच्या निधीच्या एका भल्यामोठ्या कायद्यात एक कलम घातलं गेलं: फक्त परवानाधारक टूर विमानांचा आवाज मोजायचा, आणि प्रत्येक दिवसाच्या किमान ७५ टक्के वेळ अर्धं उद्यान त्यापासून मुक्त असलं, की शांतता पूर्ववत झाली असं समजायचं. 'प्रत्येक दिवस' राहिला, पण मोजायचे आवाज घटले. कित्येक वर्षं चाललेली आखणी उद्यान प्रशासनाने गुंडाळली.

पश्चिम टोकाची गोष्ट वेगळी. तिथली जमीन हुआलापाई जमातीची, आणि हवाई पर्यटन हे तिच्या उत्पन्नाचं मोठं साधन. म्हणून त्यांच्या भूमीवर उतरणाऱ्या फेऱ्यांना २००० सालीच वार्षिक मर्यादेतून सूट मिळाली. लास वेगासहून हेलिकॉप्टरने 'कॅन्यन करून' येणारे आपल्याकडचे बरेचसे पर्यटक याच टोकाला जातात, उद्यानात नव्हे.

खासगी वैमानिकाच्या हातात मात्र आजही मुळात १९८८ चीच चौकट आहे. या क्षेत्राचा स्वतंत्र नकाशा निघतो. त्याची एक बाजू टूर चालवणाऱ्यांसाठी आणि दुसरी बाकीच्यांसाठी. दोन्ही बाजूंवर दरी तीच, उंची आणि मार्ग निराळे.